फॉर्मवर ‘धूम्रपान: नाही’ आणि खिशात व्हेप: संयुक्त गोळी घेणाऱ्या ३६ वर्षांच्या स्त्रीचे प्रकरण

हे प्रकरण एका विशिष्ट व्यक्तीचे नाही. गर्भनिरोधनाच्या सल्ल्यासाठी येणाऱ्या स्त्रियांमध्ये ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा एकत्र दिसतात, त्या इथे एका परिस्थितीत बांधल्या आहेत. निकष आणि औषधांच्या मात्रा मात्र प्रत्यक्ष वापरातल्या आहेत.

परिस्थिती

वय ३६. दोन मुले, आणखी मूल नको. काम दिवसभर बसून. उंची १६० सें.मी., वजन ७८ किलो, म्हणजे बीएमआय ३०.५. चार वर्षांपासून संयुक्त गर्भनिरोधक गोळी, म्हणजे दोन संप्रेरकांची, चालू: इथिनिल इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेन) ३० मायक्रोग्रॅम आणि ड्रोस्पायरेनोन (प्रोजेस्टोजेन) ३ मि.ग्रॅ., २१ दिवस गोळ्या आणि ७ दिवस खंड. ही गोळी सुरू झाली ती मुख्यतः पाळीतल्या वेदना आणि हनुवटीवरची मुरमे यांसाठी. गर्भनिरोधन हा त्यातला दुसरा फायदा. गोळी सुरू करताना रक्तदाब मोजला होता, त्यानंतर चार वर्षांत एकदाही नाही. दर वेळी जुनी चिठ्ठी दाखवून पुढची पाकिटे घेतली गेली.

वयाच्या २२ व्या वर्षापासून रोज साधारण १० सिगारेटी. आठ महिन्यांपूर्वी त्या रोजच्या सिगारेटी सोडल्या आणि व्हेप (निकोटीनचे लिक्विड तापवून त्याची वाफ ओढायचे उपकरण) सुरू केले. फॉर्मवर ‘धूम्रपान करता का?’ या प्रश्नासमोर तिने ‘नाही’ लिहिले. त्यात खोटेपणा नव्हता. तिच्या लेखी ती आठ महिन्यांपूर्वीच मोकळी झाली होती, आणि सिगारेट सोडणे सोपे नसते. त्या ‘नाही’मागची मेहनत आपण मानलीच पाहिजे.

ती आली होती फक्त पुढच्या सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून घ्यायला. जाता जाता म्हणाली, अलीकडे डोके जास्त दुखते, आणि दोनदा दुखण्याआधी डोळ्यांपुढे काहीतरी चमकले.

या एका वाक्यामुळे पुढचे सगळे बदलले.

आधी विचारायला हवे होते ते प्रश्न

‘धूम्रपान करता का’ हा प्रश्न आता अपुरा आहे. व्हेप वापरणारे बहुतेक लोक स्वतःला धूम्रपान करणारे मानत नाहीत. शब्दाच्या अर्थाने पाहिले तर त्यांचे बरोबरच आहे, कारण व्हेपमध्ये काही जळत नाही, धूर होत नाही. म्हणून प्रश्न निकोटीनचा विचारावा: ‘गेल्या वर्षभरात सिगारेट, व्हेप, हुक्का, तोंडात धरायची तंबाखू किंवा निकोटीनचे पाऊच, यांतले काही वापरले का? शेवटचे केव्हा?’ उत्तर ‘हो’ आले तर पुढचे पाच तपशील लागतात. लिक्विडमध्ये दर मिलिलिटरला निकोटीन किती, पॉड (लिक्विडची छोटी डबी) किंवा टाकी किती मिलिलिटरची, ती किती दिवस पुरते, सकाळी उठल्यावर पहिला झुरका किती मिनिटांत, आणि मधूनमधून सिगारेटही चालू आहे का.

तिची उत्तरे अशी: २० मि.ग्रॅ. प्रति मि.लि., निकोटीन सॉल्टचे लिक्विड. पॉड २ मि.लि.चा, दीड दिवस पुरणारा. पहिला झुरका अंथरुणातच, दहा मिनिटांच्या आत. सिगारेट नाही, मात्र मित्रमंडळींत महिन्यातून एखादी.

हिशेब करू. २ मि.लि. गुणिले २० म्हणजे पॉडमध्ये ४० मि.ग्रॅ. निकोटीन. दीड दिवसाने भागले की रोज साधारण २७ मि.ग्रॅ. वाफेत जाते. त्यातले सगळे रक्तात पोहोचत नाही, काही बाहेर सोडलेल्या वाफेबरोबर निघून जाते. निम्मे पोहोचते असे धरले तरी १३ मि.ग्रॅ. होतात. एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते २ मि.ग्रॅ. निकोटीन शिरते. म्हणजे निकोटीनपुरते बोलायचे तर ती होती तिथेच आहे: रोज दहा सिगारेटींच्या आसपास. हा हिशेब ढोबळच धरावा, कारण झुरका किती लांब, कॉइल (लिक्विड तापवणारी तार) किती तापते आणि वाफ छातीत किती वेळ धरली जाते यांवर आकडा बराच हलतो. झुरके मोजून काही कळत नाही. आठवड्याला किती मि.लि. संपले हे विचारले की कळते.

निकोटीन सॉल्ट हा तपशील क्षुल्लक नाही. निकोटीनमध्ये बेन्झॉइक आम्लासारखे आम्ल मिसळले की लिक्विडचा अल्कधर्मीपणा कमी होतो आणि घशाला खवखव होत नाही. त्यामुळे जास्त तीव्रतेचे निकोटीन सहज ओढले जाते. जुन्या प्रकारच्या लिक्विडमध्ये २० मि.ग्रॅ. घशाला झोंबायचे आणि माणूस आपोआप थांबायचा. इथे तो अडसर उरत नाही.

डोळ्यांपुढची चमक

तिला वर्णन करायला सांगितले. नजरेच्या मध्याजवळ एक ठिपका धूसर होतो, त्याच्या कडेला नागमोडी चमकती रेषा येते, ती दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकत मोठी होते, वीसेक मिनिटांनी विरते. त्यानंतर अर्ध्या तासात एका बाजूचे डोके ठणकू लागते, मळमळते, उजेड नकोसा होतो. एकेक डोळा झाकून पाहिले तेव्हाही रेषा दिसत राहिली, म्हणजे ती एकाच डोळ्यातली नव्हती.

ही ऑरा असलेली अर्धशिशी आहे. ऑरा, म्हणजे दुखण्याआधीची अशी चमक, हळूहळू पसरते, ५ ते ६० मिनिटे टिकते आणि पूर्ण जाते. त्याउलट नजर एकदम जाणे, चेहऱ्याची किंवा हाताची एक बाजू अचानक लुळी पडणे, शब्द न सुचणे, हे क्षणात सुरू झाले तर अर्धशिशी धरून घरी बसू नये. तिथे पक्षाघात समजून तातडीच्या विभागात न्यावे. अर्धशिशीच्या आधीच्या दिवशी येणाऱ्या जांभया, चिडचिड किंवा उजेडाचा त्रास म्हणजेही ऑरा नव्हे. हा फरक नीट विचारला नाही तर चूक दोन्ही बाजूंना होते: ऑरा नसलेल्या स्त्रीची चांगली चालणारी गोळी विनाकारण बंद होते आणि ऑरा असलेलीची चालू राहते.

रक्तदाब पहिल्यांदा १५२/९८ आला. नुकताच दारात उभे राहून तिने व्हेप ओढला होता, शिवाय दंडाचा पट्टा लहान होता. निकोटीनने नाडी आणि रक्तदाब काही मिनिटांतच वर जातात, आणि जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो. अर्धा तास व्हेप नाही, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसणे, मोठा पट्टा, दोन मोजण्या: १४६/९४ आणि १४४/९२. चार दिवसांनी पुन्हा १४२/९२. म्हणजे वाढ खरी होती, फक्त पहिल्या आकड्याइतकी नव्हती.

नाडी ८८. छाती, पोटऱ्या, नजर तपासून ठीक. घरात ४५ वर्षांच्या आत कुणाला रक्ताच्या गुठळीचा त्रास नाही. गुठळ्यांच्या आनुवंशिक प्रवृत्तीच्या तपासण्या केल्या नाहीत. घराण्यात इतिहास नसताना त्या सरसकट करण्यात अर्थ नसतो, आणि त्या निर्दोष आल्या तरी इथला निर्णय बदलणार नव्हता.

धोका नेमका कुठून येतो

या विषयावर बोलताना दोन वेगळ्या वाटांची नेहमी गल्लत होते. एक वाट शिरांची: पोटरीत गुठळी होणे आणि ती सुटून फुप्फुसात जाणे. दुसरी धमन्यांची: हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात.

शिरांच्या वाटेवर मुख्य भार इस्ट्रोजेनचा आहे. तोंडाने घेतलेले इथिनिल इस्ट्रॅडिओल यकृतातून जाताना फायब्रिनोजेन आणि गोठण्याचे अनेक घटक वाढवते, गोठणे रोखणारे प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन कमी करते. त्वचेवर लावायचा गर्भनिरोधक पॅच आणि योनीत ठेवायची रिंग आतड्यावाटे जात नाहीत, तरी इथिनिल इस्ट्रॅडिओल यकृतावर हा परिणाम करतेच. ‘गोळी नको, पॅच घेते’ म्हणून सुटका होत नाही. युरोपीय औषध संस्थेने दिलेले आकडे असे: गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० स्त्रियांत वर्षाला २ जणींना शिरेत गुठळी होते, लेव्होनॉर्जेस्ट्रेल असलेल्या संयुक्त गोळीवर ५ ते ७, ड्रोस्पायरेनोन, डेसोजेस्ट्रेल किंवा जेस्टोडीन असलेल्या गोळीवर ९ ते १२. पहिल्या वर्षात धोका सर्वांत जास्त. चार आठवडे किंवा अधिक काळ गोळी सोडून पुन्हा सुरू केली तर तो चढता धोका पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून ‘शरीराला विश्रांती’ म्हणून गोळी मधूनमधून बंद करण्याची सवय उलट घातक आहे. घाबरून गोळी टाकून देण्याआधी हेही माहीत असावे, की गरोदरपणात आणि विशेषतः बाळंतपणानंतरच्या १२ आठवड्यांत हा धोका कोणत्याही गोळीपेक्षा जास्त असतो.

निकोटीनची खरी गाठ पडते ती धमन्यांच्या वाटेवर. निकोटीन अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडायला लावते, धमन्या आकसतात, हृदयाचे काम वाढते. व्हेप ओढल्यानंतर लगेच केलेल्या मोजण्यांत धमन्या ताठरलेल्या आणि त्यांची सैलावण्याची क्षमता कमी झालेली आढळली आहे. त्याच वेळी इस्ट्रोजेन यकृताकडून अँजिओटेन्सिनोजेन जास्त बनवून घेते आणि काही स्त्रियांचा रक्तदाब वर नेते. एक बाजू नळी अरुंद करते, दुसरी त्यातला प्रवाह गोठायला सोपा करते.

व्हेप म्हणजे सिगारेटच, असे म्हणणे बरोबर नाही. व्हेपमध्ये ज्वलन नाही, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर जवळजवळ नाही, आणि धमन्यांच्या नुकसानीत त्यांचा वाटा मोठा असतो. पण निकोटीन आहे, तापलेल्या प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनमधून निघणारी फॉर्मअल्डिहाइड व अ‍ॅक्रोलीनसारखी रसायने आहेत, कॉइलमधून सुटणारे धातूचे अंश आहेत. गोळी आणि धूम्रपान यांच्या जोडीबद्दलचे ज्ञान अनेक दशकांच्या नोंदींवर उभे आहे. गोळी आणि व्हेप या जोडीमागे तेवढ्या वर्षांचा अनुभव नाही. यातून ‘धोका सिद्ध नाही, म्हणजे नाही’ असा अर्थ काढणे आम्हाला मान्य नाही. ३५ नंतर आपण निकोटीन वापरणारी स्त्री म्हणूनच निर्णय घ्यावा.

वयाची रेघ ३५ वर का? त्या दिवशी शरीरात काही बदलते म्हणून नव्हे. तरुण वयात पक्षाघात आणि हृदयविकाराचा मूळ धोका इतका लहान असतो, की दुप्पट झाला तरी लहानच राहतो. डेन्मार्कमध्ये १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांच्या नोंदींवरून २०१२ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघाताचे प्रमाण वर्षाला दर १ लाखात सुमारे २१ होते. वय वाढते तसा हा पाया वाढतो, आणि तेवढ्याच पटीने मोठा आकडा तयार होतो.

ऑरा ही यातली सर्वांत जड बाब. अमेरिकेतल्या एका विश्लेषणात ऑरा असलेली अर्धशिशी आणि संयुक्त गर्भनिरोधक एकत्र असलेल्या स्त्रियांत, दोन्ही नसलेल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताची शक्यता सुमारे ६ पट दिसली. नुसती ऑरा असलेल्यांत ती २.७ पट होती.

निकषांच्या तक्त्यात ती कुठे बसते

गर्भनिरोधकांची पात्रता चार श्रेणींत मोजतात. १ म्हणजे निर्बंध नाही, २ म्हणजे फायदा धोक्यापेक्षा जास्त, ३ म्हणजे धोका सहसा फायद्यापेक्षा जास्त, ४ म्हणजे वापरू नये. संयुक्त गोळीसाठी ३५ च्या आतले धूम्रपान श्रेणी २. ३५ नंतर रोज १५ पेक्षा कमी सिगारेटी श्रेणी ३. १५ किंवा अधिक, श्रेणी ४. हा तक्ता सिगारेटी मोजतो, पॉड मोजत नाही, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

तिच्या बाबतीत या गोंधळात अडकायची गरज पडली नाही. ब्रिटिश निकषांत ३५ नंतर सिगारेट सोडून एक वर्ष पूर्ण झाले नसेल तर श्रेणी ३ धरतात. तिला आठच महिने झाले होते. व्हेप बाजूला ठेवला तरी ३. रक्तदाब वरचा १४० ते १५९ किंवा खालचा ९० ते ९९ या पट्ट्यात, म्हणून आणखी एक ३. बीएमआय ३० च्या वर, श्रेणी २. आणि ऑरा असलेली अर्धशिशी, वय कितीही असो, श्रेणी ४.

हे आकडे बेरजेचे नाहीत, पण एकमेकांना जोर देतात. चार वर्षे पाकिटे देणाऱ्या कुणीही हे सगळे एका कागदावर मांडले नव्हते. प्रत्येक गोष्ट सुटी सुटी पाहिली की किरकोळ वाटते: थोडा रक्तदाब, थोडे वजन, सिगारेट तर सोडलीच.

त्याच दिवशी काय केले

संयुक्त गोळी त्याच दिवशी बंद. पाकीट संपू द्यायचे नाही, पाळीची वाट पाहायची नाही. ती पाकिटातल्या बाराव्या गोळीवर होती. दुसऱ्या दिवसापासून डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅम, ही इस्ट्रोजेन नसलेली, नुसत्या प्रोजेस्टोजेनची गोळी, रोज एक, खंड न पाडता. आधीच्या सात-आठ दिवसांत एकही गोळी चुकलेली नसल्याने संरक्षणात खंड पडत नव्हता, तरी खबरदारी म्हणून दोन दिवस कंडोम सांगितला.

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली: घाबरून संयुक्त गोळी थांबवतात आणि पर्याय देतच नाहीत. मग नको असलेले गरोदरपण येते, आणि गरोदरपणात गुठळीचा धोका गोळीपेक्षा जास्त. दुसरी: नवीन गोळीही ‘२१ दिवस घ्या, ७ दिवस थांबा’ अशीच घेतली जाते, कारण हाताला तीच सवय असते. डेसोजेस्ट्रेलच्या पाकिटात २८ पैकी २८ गोळ्या औषधाच्या असतात. पाकीट संपले की दुसऱ्याच दिवशी पुढचे. ठरलेल्या वेळेपेक्षा १२ तासांहून जास्त उशीर झाला तर ती चुकलेली गोळी: आठवताच घ्यावी आणि पुढचे दोन दिवस कंडोम वापरावा. जुन्या नॉरएथिस्टेरॉनच्या गोळीत ही सवलत फक्त ३ तासांची असते, म्हणून वेळेचे गणित डगमगणाऱ्या स्त्रीला ती देऊ नये.

नुसत्या प्रोजेस्टोजेनच्या गोळ्या, दंडात बसवायचे इम्प्लांट, लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे प्रोजेस्टोजेन सोडणारी, गर्भाशयात बसवायची तांबी आणि कॉपर टी या सर्वांना धूम्रपानासाठी कोणत्याही वयात श्रेणी १ आहे. ऑरासाठी या प्रोजेस्टोजेनच्या साधनांना अमेरिकी निकष १ देतात, ब्रिटिश २. जागतिक आरोग्य संघटना याहून सावध आहे, म्हणून डोकेदुखीची नोंद ठेवायला सांगितले. तीन महिन्यांच्या इंजेक्शनचा विचार केला आणि सोडला: धूम्रपानासाठी ते चालते, पण हृदयरोगाचे अनेक धोके एकाच स्त्रीत साचले असतील तर ते श्रेणी ३ मध्ये जाते. शिवाय एकदा टोचले की परत काढता येत नाही.

कॉपर टी तिने नाकारली आणि ते बरोबरच होते, कारण मूळ तक्रार पाळीतल्या वेदनांची, आणि कॉपर टीने त्या वाढू शकतात. तीन आठवड्यांनी ५२ मि.ग्रॅ. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची तांबी बसवायचे ठरले. तिच्याने वेदना आणि रक्तस्राव दोन्ही कमी होतात, आणि ती आठ वर्षांपर्यंत चालते. तांबी बसवल्यावर डेसोजेस्ट्रेल आणखी सात दिवस चालू ठेवायचे, मग थांबवायचे. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडतात हे आधीच सांगून ठेवले. न सांगता बसवलेली तांबी याच कारणाने काढली जाते.

मुरमांबद्दलही स्पष्ट बोललो. संयुक्त गोळी थांबली की दोन-तीन महिन्यांत ती परत डोके वर काढू शकतात. त्यासाठी रात्री अ‍ॅडापॅलीन आणि सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड लगेच सुरू केले, मुरमे येण्याची वाट न पाहता. हा मुद्दा किरकोळ समजला तर स्त्री घरात उरलेल्या जुन्या पाकिटाकडे वळते.

व्हेपचे काय

गोळी बदलणे एका दिवसाचे काम, निकोटीन सोडणे महिन्यांचे. म्हणून क्रम असाच हवा. ‘आधी व्हेप सोडा, मग गोळीचे बघू’ म्हणणे म्हणजे धोका तसाच चालू ठेवणे.

दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही. निकोटीन यकृतात मुख्यतः सीवायपी२ए६ या विकराने मोडले जाते, आणि इस्ट्रोजेन त्या विकराचा वेग वाढवते. २००६ मध्ये आलेल्या एका अभ्यासात संयुक्त गोळी घेणाऱ्या स्त्रियांत निकोटीन शरीरातून निघून जाण्याचा वेग गोळी न घेणाऱ्या स्त्रियांपेक्षा सुमारे २८ टक्के जास्त आढळला. निकोटीन लवकर संपले की तलफ लवकर येते. म्हणजे गोळीमुळे तिचा पॉड लवकर संपत असण्याची शक्यता आहे, आणि गोळी थांबल्यावर काही दिवसांनी तोच पॉड जड वाटू शकतो: मळमळ, धडधड, हात थरथरणे. याला अशक्तपणा किंवा नव्या गोळीचा दोष समजू नये. झुरके आपोआप कमी होत असतील तर होऊ द्यावेत. इतरांनी दिलेल्या सल्ल्यात याच्या उलट एक गैरसमज सापडतो, की निकोटीनमुळे गोळी ‘काम करत नाही’. निकोटीन गोळीचे गर्भनिरोधन निकामी करत नाही. इथे चिंता रक्तवाहिन्यांची आहे.

तलफेचे मोजमाप पहिल्या झुरक्याच्या वेळेवरून होते. दहा मिनिटांत म्हणजे ओढ जबर. २१ मि.ग्रॅ.चा निकोटीन पॅच सहा आठवडे, मग १४ मि.ग्रॅ. दोन आठवडे, मग ७ मि.ग्रॅ. दोन आठवडे. अचानक येणाऱ्या तलफेसाठी ४ मि.ग्रॅ.चे गम: चावायचे, तिखट चव आली की गालात दाबून ठेवायचे, चव ओसरली की पुन्हा चावायचे. सतत चघळले तर निकोटीन पोटात जाते, उचक्या लागतात, आणि लोक ‘गमने काही होत नाही’ म्हणून सोडून देतात. पॅचमध्येही निकोटीन आहेच, पण ते त्वचेतून सावकाश शिरते. झुरक्यासारखा काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचणारा उसळा येत नाही. व्हॅरेनिक्लिन या तलफ कमी करणाऱ्या गोळीचा पर्यायही समोर ठेवला: पहिले तीन दिवस ०.५ मि.ग्रॅ. एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी ०.५ मि.ग्रॅ. दोनदा, पुढे १ मि.ग्रॅ. दोनदा, एकूण १२ आठवडे. त्याच कामाचे बुप्रोपिऑन टाळले, कारण ते रक्तदाब वाढवू शकते.

तिला लिक्विडची तीव्रता हळूहळू उतरवून पाहायचे होते: २० वरून १२, मग ६, मग ३. ही पद्धत चालू शकते, पण मि.लि. मोजले तरच. तीव्रता निम्मी झाली आणि लिक्विड दुप्पट संपले तर निकोटीन तेवढेच, आणि वाफेतली इतर रसायने दुप्पट. म्हणून प्रत्येक पॉड उघडल्याची तारीख फोनमध्ये लिहायची, दोन आठवड्यांत मि.लि. वाढलेले दिसले तर उतरणी थांबवून पॅच लावायचा. ‘शून्य निकोटीन’ लिहिलेल्या लिक्विडवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, अशा काही लिक्विडमध्ये तपासणीत निकोटीन सापडले आहे.

आणि सिगारेटकडे परत जायचे नाही, हे तिला स्पष्ट सांगितले. निकोटीनयुक्त व्हेपमुळे सिगारेट सुटायला मदत होते याला चांगला आधार आहे. तिची आठ महिन्यांची कमाई खरी आहे. पण महिन्यातून ओढलेली ‘एखादी’ सिगारेट मात्र आधी बंद.

घरी लक्ष कशावर ठेवायचे

इस्ट्रोजेनचा गोठण्यावरचा परिणाम गोळी थांबवल्याच्या दुसऱ्या दिवशी संपत नाही, काही आठवडे ओसरत जातो. त्या काळात एकच पोटरी सुजणे, दुखणे, गरम लागणे याकडे दुर्लक्ष नको. टेपने दोन्ही पोटऱ्या गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सें.मी. खाली मोजाव्यात. ३ सें.मी.हून जास्त फरक असेल तर त्याच दिवशी डॉप्लर सोनोग्राफी. दुखणाऱ्या पोटरीला चोळायचे नाही. अचानक दम लागणे, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, छातीवर दाब, आजवर कधी न झालेली भयंकर डोकेदुखी, नजर किंवा वाचा जाणे, एक बाजू लुळी पडणे: यांत फोन करून विचारत बसू नये, थेट तातडीच्या विभागात जावे, आणि तिथे ‘गेल्या आठवड्यापर्यंत संयुक्त गोळी चालू होती, व्हेपही करते’ ही दोन्ही वाक्ये आपणहून सांगावीत. तपासणाऱ्याला दुसरे सुचेलच असे नाही.

वय २४ असते तर

याच प्रश्नावर २४ वर्षांची, व्हेप करणारी, रक्तदाब ११६/७४, ऑरा नाही, वजन बेताचे, घरात गुठळ्यांचा इतिहास नाही, अशी स्त्री आली असती तर गोळी बंद केली नसती. सिगारेट धरली तरी ती श्रेणी २ मध्ये बसते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल असलेली, ३० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी इथिनिल इस्ट्रॅडिओलची गोळी, तीन महिन्यांनी आणि मग दरवर्षी रक्तदाब, दर भेटीत ऑराबद्दल प्रश्न, आणि तारखेसह नोंद: ‘३५ च्या आधी साधन बदलायचे किंवा निकोटीन सुटलेले हवे.’ व्हेप करणाऱ्या प्रत्येकीला सरसकट भीती घालणे चुकीचे आहे. तसे केले की पुढच्या वेळी त्या सांगतच नाहीत.

पुढचे सहा महिने

सहा आठवड्यांनी तिचा रक्तदाब १३४/८६, तीन महिन्यांनी १२८/८२, औषधाविना. गोळीमुळे चढलेला रक्तदाब काही आठवडे ते काही महिन्यांत असा उतरू शकतो. उतरला नसता तर मूळ उच्च रक्तदाब धरून उपचार करावे लागले असते. ऑरा तीन महिन्यांत एकदा आली. तांबी टिकली, डाग चौथ्या महिन्यात थांबले. पहिल्या प्रयत्नात पॅच तिसऱ्या आठवड्यात सुटला आणि पॉड परत आला. दुसऱ्या प्रयत्नात व्हॅरेनिक्लिन घेतले, आणि सहाव्या महिन्यात ती निकोटीनशिवाय सात आठवडे होती.

त्या भेटीत तिने विचारले, की आता व्हेपही नाही, रक्तदाबही ठीक, तर जुनी गोळी पुन्हा चालेल का? त्वचा तेव्हा जास्त चांगली होती. उत्तर ‘नाही’ होते, आणि त्याचे कारण व्हेप नव्हते. ऑरा नोंदली गेली आहे, म्हणून संयुक्त गोळी, गर्भनिरोधक पॅच आणि रिंग यांना श्रेणी ४ लागते, निकोटीन असो वा नसो. हे तिच्या नोंदपत्रावर वरच्या ओळीत लिहिले, आणि त्याचा फोटो तिच्या फोनमध्ये ठेवायला सांगितला, म्हणजे पुढे कुठेही गोळी लिहून घ्यायची वेळ आली तर तो आधी दाखवता येईल. मुरमांसाठी अ‍ॅडापॅलीन आणखी तीन महिने चालू ठेवले.